उघडं लाकूड

ज्या माणसाविरुद्ध मी पत्रक काढलं, त्याच माणसाच्या घरात पत्रकानंतर मी पाच वर्षं राहिले. हे वाक्य आमच्या चळवळीच्या मंडळातल्या कुणालाच आवडत नाही. मलाही आवडत नाही. पण खरं आहे. आणि दुसऱ्यांचं खरं चव्हाट्यावर मांडायची सवय लागलेल्या माणसानं कधीतरी स्वतःचंही मांडावं.

नाव सांगत नाही. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, त्या आळीत सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणते. दौंडला रेल्वेत डबे रंगवण्यात त्यांची उभी हयात गेली. बायको वारली, रिटायर झाले आणि शिरूरला वडिलांच्या घरात येऊन राहिले. घर काही मोठं नव्हतं. पुढं त्यांची खोली, बाजूला भाड्याची, मागं देवाची, आणि पुढच्या-मागच्या खोलीत एक मधलं दार. पण लाकूड दाबून होतं. दारं, खिडक्या, भिंतीतलं फडताळ, माळ्याचा जिना, खुंट्यांची फळी. आजवर ज्याला जो रंग मिळाला तो त्यानं फासलेला. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली कुणाच्या तरी लग्नातला गुलाबी, तळाला गेरू, आणि सगळ्यांच्या खाली चुलीचा धूर. हे सगळं खरवडून लाकूड उघडं करायचं आणि मग नीट रंगवायचं, एवढी एकच गोष्ट आबांना मरायच्या आधी करायची होती.

आबांना बसता येत नसे. चहाचा कप हातात आला की ते उठत आणि कप घेऊन घरभर फिरत. एक घोट, मग बोटाच्या पेरानं जिन्याच्या पायरीवर टकटक. वाकून कान लावायचा. दुसरा घोट, मग खिडकीचं बिजागर. चहा निवून जाई. घासून झालेल्या फळीवर ते गाल टेकवत, डोळे मिटून. हात खोटं बोलतो, गाल बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस खिडकीला धरून रडतोय.

बोलताना समोरच्याकडं न बघता ते त्याच्या मागच्या चौकटीकडं बघत. एकदा मी पाणवठ्यावरच्या अन्यायाबद्दल अर्धा तास तावातावानं बोलले. आबा मान हलवत होते. मला वाटलं, पटतंय. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही टेकलाय त्या बाजूचं अस्तर वलं हाय." माझ्या एकुलत्या एका बऱ्या साडीवर पाठभर पहिल्या, कच्च्या रंगाचा पांढरा पट्टा!

रेल्वेच्या डब्यावर कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं, कधी रंगवला आणि परत कारखान्यात कधी यायचा. आबांनी घरातल्या पुऱ्या झालेल्या प्रत्येक फळीवर तशी तारीख मारली होती, पत्र्याचा छाप ठेवून, पांढऱ्या रंगात. पाटावर होती, पलंगावर होती, चष्म्याच्या डबीवर होती. मला म्हणायचे, "बाई, डोळं बघा आरशात. रिटर्न डेट उलटून गेलीया. झोपा जरा." मला संताप यायचा. जग जळतंय आणि हा माणूस मला झोपा म्हणतो!

बोलणं असं तिरकस. "वरनं मारलेला रंग आन् वरनं ठोकलेलं भाषान, दोन्हीला पैल्या उन्हात पापुद्रं." हे मला उद्देशून. आणि एकदा, खिडकीच्या चिरांत लांबी भरता भरता, "थर्डचा डबा असू द्या न्हाईतर फर्स्टचा, खालचं अस्तर येकच असतंय. पब्लिकला वरचा हात तेवढा दिसतो." मी उडालेच. म्हटलं, आबा, हे आमच्या सभेत येऊन बोला. तर म्हणाले, "सभंत कशाला? तिथं लाकूड हाय का?"

मला शिरूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची. आमचं गाव न्हावऱ्याच्या बाजूला, घर बौद्धवाड्यात. मी आणि आई खोलीसाठी पंधरा दिवस शिरूरभर हिंडलो. घरं रिकामी होती. आडनाव सांगितलं की भरायची. एका ठिकाणी तर घरमालकीण किल्ली आणते म्हणून आत गेली आणि बाहेर येईपर्यंत तिचा मुंबईचा भाचा राहायला आलासुद्धा होता. आबांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी आईचे हात बघितले. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले. "हात चांगलं हायेत," म्हणाले. मग मला भाडं सांगितलं आणि वर एक अट. भाडेकरूनं दर रविवारी सकाळी लाकूड घासायचं.

"आधी येक मास्तर हुता. चार पायऱ्या घासल्या आन् पळाला."

मी हो म्हटलं. खोली पाहिजे होती. पण ती अट मी त्या दिवसापासून विसरले नाही.

रविवारी मी मंडळाच्या कामाला दौंडला जायची, एस.टी.नं. मागं काम आई करायची. आबांनी तिला शिकवलं. सोड्याच्या पाण्यानं साग काळा पडतो, म्हणून सोडा नाही. रंग जाळायची आगीची बत्ती नाही. सपाट जागेला पोलादी पट्टी आणि नक्षीच्या खाचेत फुटक्या बरणीच्या काचेचा तुकडा, फडक्यात धरून. ओढायचं ते लाकडाच्या रेषेनं, आडवं कधीच नाही. मग खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी भोकांत, चिरांत दाबायची. आईला ते आलं. आबा तिनं केलेल्या खिडकीला गाल लावून उभे राहायचे आणि काही न बोलता पुढच्या खिडकीकडं बोट दाखवायचे.

एका रविवारी एस.टी. चुकली आणि मी परत घरी आले. मधल्या दारापुढं आई गुडघ्यांवर बसली होती. खाली वाकून उंबऱ्याजवळची फळी खरवडत होती. केसांत चॉकलेटी भुगा. शेजारी उभे राहून आबा बोट दाखवत होते, "हितं, हितं ऱ्हायलं." ह्या बाईनं लग्नानंतर सहा वर्षं गावकी केली. पाटलाचं अंगण झाडलं, लाकडं फोडली, आणि भाकरी घेतली ती दुरून, पदरात. ते सगळं आम्ही लाथाडलं. कशासाठी? शहरात येऊन भाडं भरून परत गुडघ्यांवर बसण्यासाठी?

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. 'भाडंही घ्या, वेठही घ्या!' दौंडला मंडळाच्या यंत्रावर सायक्लोस्टाइल करून आणलं आणि शिरूरच्या बाजारात वाटलं. नाव नव्हतं छापलं, पण आळी छापली होती, रेल्वे छापली होती. राहिलं काय?

रविवारी सकाळी आबा आमच्या खोलीच्या दारात उभे. चष्मा कपाळावर, पत्रक हातात.

"बाई, हे तुमचंच ना?"

"मंडळाचं आहे."

"मंडळाला दारं मोजता येत न्हाईत. सात दारं-खिडक्या लिवल्यात. नऊ हायेत." बोट खाली सरकलं. "आन् हे 'जर्जर वृद्ध' म्हंजी? मी येकुनसाठ. जर्जर म्हंजी काय?"

"झिजलेला."

"आसं. मंग चालतंय." त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग आत, चुलीपाशी बसलेल्या आईकडं बघितलं. चौकटीकडं नाही, आईकडं. "आक्का, बाकीचं खरं हाय का? वेठ हाय का ही?"

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "हाय की."

मी विजयानं आबांकडं बघितलं.

"तुम्ही मला कवा इचारलं? अट पोरीला घातली. व्हय पोरगी म्हनली. गुडघं माझं गेलं." भाकरी तव्यावर पडली. मग ती माझ्याकडं वळली. "आन् तू गं? माझं गुडघं, माझं हात, माझी गावकी, समदं कागदावर घालून बाजारात वाटलंस. मला इचारलंस? त्येंनी बी न्हाई, तू बी न्हाई. दोघं येका माळंचं मनी."

आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला उभे होतो.

पुढच्या रविवारी आबा परत दारात. धुतलेला सदरा घालून.

"आक्का, मधल्या दाराचं काम ऱ्हायलंय. कराल का?"

"न्हाई," आई म्हणाली.

"बरं," म्हणून ते गेले. आईनं बाहेर उन्हात पोतं टाकलं, पाय लांब पसरले आणि बसली. काही न करता. मी तिला तशी बसलेली कधी बघितली नव्हती.

मधलं दार त्या वेळी नेमकं अर्ध्यावर होतं. दोन्ही अंगांनी सगळे रंग निघालेले. सागाची रेघ न् रेघ दिसत होती. लांबी, अस्तर, वरचे रंगाचे दोन हात, सगळं बाकी. उघडं लाकूड असं ठेवत नाहीत. हवा ओढतं, धूळ पितं, पावसाळ्यात फुगतं.

आणि त्याच आठवड्यात आबांचे धाकटे भाऊ आले. बाजारात कापडाचं दुकान, घरात निम्मा वाटा. त्यांची बायको रोज सकाळी मागच्या खोलीत देवपूजेला यायची. भावाच्या हातात माझं पत्रक.

"दादा, नाव घालवलं घराचं. ह्या बाईनंच छापलंय ना, वेठ हाय म्हणून? मग सोडा तिला वेठीतून. खोली मोकळी करा."

आबा खिडकीला काचकागद मारत होते. थांबले नाहीत.

"आन् खरं सांगू का," भावानं आवाज खाली घेतला. पण आमच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं. "तिची आई मधलं दार आतल्या अंगानं घासत हुती. देवाच्या खोलीत उभी ऱ्हाऊन. आमच्या हिनं बघितलं. आता देव काय रोज धुऊन घ्यायचं?"

मी उठले. उत्तर घशाशी आलं होतं, मथळ्यासकट. आईनं माझं मनगट धरलं.

मला आबांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणा, चालता हो. म्हणा, माणूस माणूस सारखा. आता नाही तर कधी म्हणणार? आबा उठले. मधल्या दारापाशी गेले, गाल टेकवला, डोळे मिटले.

"त्येंना जाता येत न्हाई," म्हणाले.

"का?"

"दार अर्ध्यावर हाय. आक्काचा हात लागलाय. मधीच हात बदलला की पट्टा दिसतो. कारखान्यात नियम हुता, डब्याची येक बाजू येका मानसाची."

"मग घ्या करून, आन् घालवा."

"घेतो की. पर ती न्हाई म्हनतीया."

"न्हाई म्हनती? भाडेकरू?"

"व्हय. फुडल्या रविवारी परत इचारतो. जबरदस्ती कशी करू? ती वेठ हुईल." आबांनी भावाच्या हातातल्या पत्रकावर बोट ठेवलं. "हे बग, छापतील परत."

भावानं पत्रक खिशात कोंबलं. मग म्हणाले, "दार झालं की कळवा." आणि गेले.

मी आतल्या आत नुसती जळत होते. हे काय उत्तर झालं? पट्टा दिसतो! समोर उघडउघड अन्याय उभा आहे आणि हा माणूस रंगाच्या पट्ट्याबद्दल बोलतो! आईला म्हटलं, "उद्याच्या उद्या दार पुरं कर. मला ह्यांचे उपकार नकोत. मान वर करून बाहेर पडू."

"बाहीर कुठं?"

मी ट्रंक ओढायला लागले.

"पंधरा दिवस हिंडलो तवा मान वरच हुती," आई म्हणाली. "मी न्हाई म्हनते तवर छप्पर हाय. मला जमतंय न्हाई म्हनाया. लई दिसांनी जमलंय."

मग मी भावावर दुसरं पत्रक लिहिलं. ह्या वेळी छापायच्या आधी आईला वाचून दाखवलं. चांगलं झणझणीत होतं, आजही पाठ आहे. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ब्येस हाय. न्हाई छापायचं." तो तिचा आवडता शब्दच झाला होता.

आणि हे चालू राहिलं. एक वर्ष नाही, पाच. दर रविवारी धुतलेला सदरा, "आक्का, कराल का?" "न्हाई." दर दोन-तीन महिन्यांनी भाऊ यायचे, "झालं का?" आबा दोन्ही तळवे वर करायचे. आळीत हसायचे लोक. घरमालक असून एक दार करून घेता येईना! मी मात्र दर वेळी भावाची चप्पल वाजली की वर्गाच्या वह्या बाजूला सारून उभी राहायची. आज काय होईल? ट्रंक भरायची का? पाच वर्षं मी त्या खोलीत भिंतीला खिळा ठोकला नाही.

घरातलं बाकी सगळं लाकूड आबांनी स्वतः पुरं केलं. खिडक्या, जिना, फडताळ, सगळ्यांना तारखा लागल्या. मधल्या दाराला त्यांनी बोट लावलं नाही. पावसाळ्यात ते फुगून चौकटीत अडकायचं आणि उन्हाळ्यात आक्रसून कडेनं बोटभर उजेड आत यायचा. एका फळीला उभी चीर गेली. आबा कप घेऊन घरभर फिरायचे, पण दारापाशी आले की मान वळवायचे, जखमेकडं बघवत नाही तसे. पावसात त्यावर पोतं बांधायचे. बस्स. तेलाचं बोटसुद्धा नाही, कारण तोही दुसरा हात झाला असता.

मध्यंतरी आणीबाणी आली, पत्रकांचे दिवस वाईट आले. आमच्या मंडळाचं यंत्र कुठं ठेवायचं कळेना. आबा आपणहून म्हणाले, माळ्यावर ठेवा. अट एकच. "शाईचा येक डाग फळीवर पडला तर पोलिसांना मीच बलवीन." मी यंत्राखाली चार गोणपाटं घातली.

तेव्हाच एकदा तोंडावर विचारलं, "आबा, खरं सांगा. तुम्ही हे मुद्दाम करताय ना? आम्हाला राहता यावं म्हणून?"

ते एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "मुद्दाम? लाकूड उघडं टाकतंय का कोन मुद्दाम? चीर गेलीया त्याला, दिसती का? माझ्या जिवाला काय हुतंय तुम्हाला काय ठावं! तुमच्या आईला म्हना व्हय, आत्ता करून टाकू." आणि तरातरा निघून गेले. रविवारी परत आले. सदरा घालून. विचारलं. आईनं न्हाई म्हटलं. बरं म्हणाले.

मला अजून ठरवता येत नाही. मंडळातली माणसं म्हणतात, घाबरट होता, भावाला तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. असेल. मला त्याचा राग आहेच. सरळ बोलायला पाहिजे होतं, आजही म्हणते. पण सरळ बोलणारी शिरूरमध्ये मी एकटी होते, आणि माझ्या सरळ बोलण्यानं आमची खोली जात होती.

मग माझी दौंडला बदली झाली. तिथं आपल्याच माणसांच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या, कुणी आडनाव न विचारता. मी आबांना सांगितलं. "ब्येस झालं," म्हणाले आणि खुंटीच्या फळीकडं बघत राहिले.

त्या रविवारी ते आले नाहीत. आई चूल सारवून, हात धुऊन वाट बघत बसली. पुढच्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या रविवारी आम्ही निघणार होतो. ट्रंक बांधलेली, वळकटी बांधलेली, एस.टी.ला तासभर अवकाश. आई उठली आणि पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

आबा कप घेऊन उभे होते. रोजचाच मळका सदरा.

"दोन रविवार झालं," आई म्हणाली. "इचारलं न्हाई."

"न्हाई."

"का?"

आबा कपात बघत म्हणाले, "आता तुम्ही व्हय म्हनाल."

मग आई म्हणाली, "बरं. मंग मी इचारते. दार करू का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तसंच."

"ऱ्हाऊ कसं द्या? चीर बघा केवढी पडलीया." तिनं पदर खोचला. मधल्या दाराला पाच वर्षांत धरलेली धूळ हातानं झाडली, चिरेत नख घालून खोली बघितली. "लांबी हाय का मळलेली? का वाळून गेली समदी?"

आबांनी कप जिन्यावर ठेवला आणि डबा शोधायला गेले. एवढ्या घाईनं की जाताना खांदा चौकटीला धडकला, ती ओली का कोरडी हेही त्यांनी बघितलं नाही.

मी म्हटलं, "आई, गाडी. लांबी वाळायलाच आठवडा जाईल. मग अस्तर, मग दोन हात. महिना लागेल."

"लागू दे की."

"आणि त्यांचे भाऊ आले तर?"

"येऊ दे. मी त्येंच्या म्होरंच करते. आतल्या अंगानं बी." ती काचेचा तुकडा उजेडात धरून धार बघत होती. माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. "तू जा म्होरं. माझं काम हाय."

मी ट्रंक उचलली आणि एकटीच दौंडच्या गाडीत बसले. आई सदतीस दिवसांनी आली.